अर्धी गोळी

सयाजीच्या डाव्या पायाचं अंगठ्याशेजारचं बोट काळं पडायला लागलं ते संक्रांतीच्या आसपास. आधी त्याला वाटलं, बुटाचं काळं लागलंय. त्यानं दगडानं घासून पाहिलं. मंजुळेनं खोबरेल लावलं, हळद भरली, शेजारणीनं सांगितलेला कसला तरी पाला बांधला. बोट काही उजळेना. ठणका तर असा, की पाय खाली सोडून बसलं तरच जरा बरं वाटायचं आणि आडवं पडलं की जीव नकोसा व्हायचा. भिंतीला टेकून बसल्या बसल्या डुलक्या काढायच्या आणि उजाडायच्या आत डबा घेऊन निघायचं, असे पंधरा दिवस त्यानं काढले.

सयाजी मूळचा लातूरकडचा. नऊ वर्षांपूर्वी कुरुळीत नानासाहेबांच्या चाळीत एक खोली घेतली, ती अजून तीच. मंजुळा कंपन्यांना डबे पुरवणाऱ्या मेसमध्ये पोळ्या लाटायची. पोरगी स्वरूपा नववीत. सयाजी चाकणच्या एका फोर्जिंगच्या कारखान्यात हॅमरवर होता. भट्टीतून लालभडक लोखंडाचा तुकडा सांडशीनं धरायचा, साच्यावर ठेवायचा, वरून हॅमरचा घाव, तुकडा उलटा करायचा, पुन्हा घाव. तुकडा धरायचा सयाजीनं आणि पायाखालची पट्टी दाबून घाव सोडायचा ज्योतीरामनं. सात वर्षं हीच जोडी. घाव सोडणाऱ्याची नजर पापणीभर हलली तर धरणाऱ्याचे हात गेलेच म्हणून समजा. हॅमरवरच्या जोडीत जो विश्वास असतो, तो सख्ख्या भावांत असेलच असं नाही.

शेवटी मंजुळेनं मेसचा खाडा केला आणि नवऱ्याला पिंपरीच्या सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई वयानं लहान होत्या. त्यांनी घोट्याच्या आतल्या बाजूला बोटं ठेवून बराच वेळ नाडी शोधली.

"बिडी किती?"

"दोन बंडल."

"तीन, बाई," मंजुळा म्हणाली.

"पायाच्या शिरा बंद होत चालल्यात. बिडीमुळं. तेव्हा बिडी बंद. कमी नाही, बंद."

"दिवसाकाठी एखादी वडली तर?" सयाजीनं भाजीवालीशी घासाघीस करावी तसं विचारलं.

"एखादी ओढलीत, तर पाय घोट्यातनं कापायचा की गुडघ्याखालनं, एवढंच ठरवायचं राहील," बाई म्हणाल्या. आवाज चढवला नाही की काही नाही. मंजुळेनं पदर तोंडाला लावला.

मग बाईंनी गोळ्या लिहून दिल्या. बारा आठवड्यांचा कोर्स. गोळ्या पंधरा दिवसांच्या मिळतील, एक आड एक मंगळवारी येऊन न्यायच्या. पहिला आठवडा ओढलीत तरी चालेल, आठव्या दिवसापासून मात्र एकही नाही. मळमळेल, स्वप्नं पडतील, घाबरायचं नाही आणि फारच त्रास झाला तर येऊन सांगायचं. "आणि एकट्यानं सुटत नाही हो हे. सोबत सोडणारा कुणी असेल तर बघा. त्यालाही मंगळवारी आणा, तपासून त्याच्या नावानं चिठ्ठी देते."

घरी स्वरूपानं चिठ्ठी मोठ्यानं वाचून दाखवली. "एक गोळी सकाळी, एक संध्याकाळी, जेवणानंतर. पप्पा, 'एक'खाली दोन रेघा मारल्यात बघा."

"बघितलं माय, बघितलं," सयाजी म्हणाला.

*

ज्योतीराम कुरुळीचाच. पन्नाशी उलटलेला, पाठीत किंचित वाकलेला, बायको वारल्यापासून घरात एकटा. बिडी ओढण्यात तो सयाजीच्या पुढं होता. एक विझायच्या आत दुसरी त्याच विस्तवावर लावायचा. दुसऱ्या दिवशी कारखान्यामागं भंगाराच्या ढिगाशी सयाजीनं बूट काढून त्याला पाय दाखवला. ज्योतीराम उकिडवा बसला. बोटाकडं बघत राहिला.

"हे हिच्यापायी झालं?" त्यानं हातातली बिडी वर धरली.

"बाई तर तसंच मनत्यात, दादा. आता एकबी वडली तर पाय जाईल मनल्या."

ज्योतीरामनं बिडी बुटाखाली चिरडली. "मंग मीबी सोडतो."

"तुमी कशाला?"

"तुझ्या म्होरं मी धूर सोडीत बसल्यावर तू सोडशील व्हय रं?"

सयाजीला भरून आलं. त्यानं लगेच मंगळवारची गोष्ट काढली. दादानं दवाखान्यात यावं, आपल्या नावाची चिठ्ठी घ्यावी. पण इथंच घोडं पेंड खात होतं. चाकणच्या कारखान्यांना सुट्टी गुरुवारची आणि तंबाखू सोडवायचा दवाखाना फक्त मंगळवारचा. जोडीतल्या एकानं खाडा केला तर बदली माणूस उभा करता येतो, दोघांनी मिळून केला की हॅमर बंद. हॅमर बंद पडला तर ठेकेदार दुसऱ्या दिवशी गेटच्या आत घेत नाही. आणि सयाजीचा मंगळवार सोडून ज्योतीराम एकटा काही दवाखान्याची पायरी चढणारा नव्हता. "मला कुठं काय झालंय?" म्हणाला.

"मंग असं करू. ह्यातलीच अर्धी तुमाला."

"वेडा का काय तू? अक्खी लिहिलीय न्हवं तुला?"

"आपुन कवा काय अक्खं खाल्लंय, दादा?"

हे मात्र खरं होतं. सात वर्षांत दोघांनी चहा अर्धा प्याला होता, वडापाव अर्धा खाल्ला होता, बंडलात शेवटची बिडी उरली तर तीही आळीपाळीनं ओढली होती. अर्ध्याची सवय हाडात मुरलेली. सयाजीनं खिशातल्या नखं काढायच्या ब्लेडनं गोळी मधोमध कापली. एक तुकडा स्वतः गिळला आणि दुसरा ज्योतीरामपुढं धरला.

"नगं, सयाजी."

"तुमी घेतली तर मी घेणार. न्हाईतर हे पाकीट आत्ता भट्टीत टाकतो. तुमच्या गळ्याची आन."

ज्योतीरामला ठाऊक होतं, हा माणूस टाकायलाही कमी करणार नाही. त्यानं तुकडा तळहातावर घेतला, हात तोंडाकडं नेला आणि वर बाटलीतलं पाणी प्याला. तेव्हापासून सकाळी नाष्ट्याच्या सुट्टीत एकदा आणि शिफ्ट सुटल्यावर ज्योतीरामच्या ओट्यावर एकदा, गोळी कापायची आणि दोघांनी घ्यायची, असा नेमच पडला. मंजुळेला यातलं काही सांगितलं नाही. बायकांना उगाच काळजी, असं दोघांचं मत पडलं.

*

गुरुवारी दुपारी अंगणवाडीच्या खोलीत बैठक भरायची. गावातल्या आशा कार्यकर्त्या सुमनताई ती चालवायच्या. बिडी, सिगारेट, मिश्री, जे सुटत नाही ते सोडायला आलेले सात-आठ जण पोरांच्या बुटक्या खुर्च्यांवर गुडघे छातीशी घेऊन बसायचे. भिंतीवर क कमळाचा, ख खटाऱ्याचा. त्याखाली सुमनताईंनी सगळ्यांची नावं लिहिलेला कागद चिकटवला होता. दर गुरुवारी एकेकानं उठून आपले दिवस सांगायचे. ताई आकडा लिहायच्या आणि बाकीचे टाळ्या वाजवायचे.

"मधे एक जरी ओढली तर शून्य सांगायचं," सुमनताई म्हणायच्या. "शून्याची लाज नाही. लाज खोट्याची. इथं कुणी हसणार नाही."

टेम्पो चालवणारे बबनराव दर गुरुवारी उठून शून्य सांगायचे आणि सगळे हसायचे. बबनराव स्वतःही हसायचे. "काय करता राव, चाकणच्या चौकात गाडी अडकली की हात आपोआप खिशात जातो," म्हणायचे. सयाजीला त्यांची कीव यायची.

बिडी सोडणं फार सोपं, असं बिडी न ओढणारे सांगतात. सयाजीचे पहिले आठ-दहा दिवस अंगातून कुणी दोरी ओढून काढावी तसे गेले. सांडशी घामानं सटकायची, घरी भाजीत मीठ कमी पडलं म्हणून ताट सरकवायचा आणि मग स्वतःच ओशाळून ते ओढून घ्यायचा. स्वप्नं पडायची ती अशी लख्ख, की गावाकडची मेलेली म्हैस दावणीला उभी आणि तिच्या अंगाचा वास नाकात. तलफ आली की तो ज्योतीरामकडं बघायचा. ज्योतीराम लवंग चघळत, पट्टीवर पाय ठेवून शांत उभा असायचा.

"दादा, तुमाला न्हाई व्हत तलफ?"

"व्हती की. पर तू हायस न्हवं समोर."

सयाजीला हे पुरे व्हायचं. सात झाले, चौदा झाले, एकवीस झाले. बोटाचा काळेपणा होता तिथंच थांबला, कडेला थोडी गुलाबी रेघ उमटली. डॉक्टरीणबाईंनी पाय हातात घेऊन पाहिला आणि पहिल्यांदाच हसल्या. "गोळ्या वेळेवर घेताय ना? पूर्ण?" सयाजीनं मान हलवली. त्या दिवशी मंजुळेनं पुरणपोळी केली आणि त्याच्या सदऱ्याचा वास घेऊन बघितला. साबणाचा वास आला. ती चुलीकडं तोंड करून थोडा वेळ तशीच उभी राहिली.

*

मार्च लागला आणि पत्रे तापायला लागले. हॅमरजवळ माणूस उभा राहतो तो दीड तास, दोन तास सलग. मग बदली माणूस जागा घेतो आणि एकेकाला दहा मिनिटं बाहेर जाता येतं. या दहा मिनिटांना कारखान्यात बिडीची सुट्टी म्हणत. कुठल्या कागदावर ती नव्हती. कधीकाळी कुण्या साहेबानं बिडीवाल्यांसाठी सोडली, ती चालत आली. विसाव्यासाठी सुट्टी मागितली तर देणार कोण. बिडी म्हटलं की कुणी हरकत घेत नाही.

निरंजनसाहेब नवा सुपरवायझर. पोरगा वाईट नव्हता, पण मोजून काम करणारा. एक दिवस सयाजी भंगाराच्या ढिगाशी लोखंडी पिंपावर बूट काढून बसलेला त्याला दिसला.

"सयाजीभाऊ, तुमची तर सुटली ना बिडी?"

"सुटली, साहेब. पंचवीस दिस झाले," सयाजी अभिमानानं म्हणाला.

"मग बाहेर कशाला बसलाय?"

पाय दुखतोय म्हणावं तर साहेब मेडिकलला धाडणार आणि मेडिकलनं अनफिट लिहिलं की काम गेलं. त्यानं बूट चढवला आणि आत गेला. दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या हॅमरवरचा बदली माणूस दुसरीकडं लावला. "दोघंही ओढत नाहीत, मग रिलिव्हर कशाला?" निरंजनसाहेबांनी सगळ्यांसमोर त्यांचं कौतुकही केलं. बिडी सोडल्याची शाबासकी म्हणून हातात आली ती ही.

आता सकाळी सात ते साडेतीन, नाष्टा-जेवण सोडलं तर उभं राहणं. बुटाच्या पुढच्या लोखंडी टोपीत बोट चेपायचं. पोटरीत गोळे यायचे. सयाजी सांडशी धरून एका पायावर भार टाकायचा, मग दुसऱ्या, मग परत पहिल्या. ज्योतीरामला हे पट्टीवरून दिसायचं. तो घाव जरा सावकाश सोडायचा, तेवढाच त्याला श्वास. पण तुकडे कमी पडले की संध्याकाळी निरंजनसाहेब फळ्यावर आकडा लिहून त्याखाली दोघांची नावं लिहायचा.

असे आठ दिवस गेले. नवव्या दिवशी पोटरी इतकी आवळली की सयाजीच्या डोळ्यांपुढं काजवे चमकले. तो निरंजनसाहेबाकडं गेला.

"साहेब, परत लागली बिडी. ऱ्हाववत न्हाई. दहा मिनटं सोडा."

"अरेरे," साहेब म्हणाला. "इतके दिवस काढले होते राव." आणि रिलिव्हरला हाक मारली.

बिडी लागलेली नव्हती. त्याला फक्त बसायचं होतं. पण साहेब खिडकीतून बघतो हे ठाऊक होतं, म्हणून शेजारच्या हॅमरवाल्याकडून एक मागून घेतली आणि न पेटवता ओठांत धरून पिंपावर बसला. पाय खाली सोडला. रक्त उतरल्यावर ठणका जरासा ओसरला. त्या दहा मिनिटांइतकं सुख त्याला कित्येक दिवसांत मिळालं नव्हतं. जाताना त्यानं बिडी आतल्या खिशात ठेवली, पुन्हा उपयोगी पडेल म्हणून.

परत आल्यावर ज्योतीरामनं विचारलं, "कुठं गेल्तास?"

"लघवीला," सयाजी म्हणाला. खोटं तिथून सुरू झालं. न पेटवलेल्या बिडीची गोष्ट सांगितली असती तरी काय बिघडणार होतं? पण दादा एवढा खंबीर उभा, आणि आपण बिडी तोंडात धरून बसलो हे सांगायची त्याला लाज वाटली.

तीन दिवस बिडी कोरडीच राहिली. जिभेला पानाची चव लागत होती. अर्ध्या गोळीनं अर्धीच तलफ मारलेली, उरलेली अर्धी तोंडात बिडी आल्यावर जागी झाली. चौथ्या दिवशी शेजारच्यानं स्वतःची पेटवता पेटवता काडी पुढं केली आणि सयाजीनं मान वळवली नाही. दोन झुरके. डोकं गरगरलं, डोळ्यांत पाणी आलं. त्यानं बिडी विझवली आणि स्वतःच्या थोबाडीत मारून घेतली. दुसऱ्या दिवशी चार झुरके मारले. त्याच्या दुसऱ्या दिवशी पूर्ण ओढली.

गुरुवारी सुमनताईंनी कागदावर पेन टेकवलं.

"ज्योतीराम?"

"एकेचाळीस," ज्योतीराम उठून म्हणाला. टाळ्या पडल्या.

"सयाजी?"

सयाजी उठला. शून्य त्याच्या ओठांवर आलं होतं. त्यानं शेजारी पाहिलं. ज्योतीराम मान वर करून त्याच्याकडंच बघत होता, डोळ्यांत कसली तरी विनवणी असल्यासारखी. सयाजीला वाटलं, दादाला आपली काळजी लागलीय. आपण पडलो हे कळलं तर हा म्हातारा आपल्यासाठी सोडून बसलाय, तोही पडेल.

"एकेचाळीस," तो म्हणाला.

पुन्हा टाळ्या पडल्या. मग बबनराव उठले आणि शून्य म्हणाले आणि या वेळी सयाजीला हसू आलं नाही.

त्यानंतर घरी जायच्या आधी तो ओढ्यावर तोंड धुवायचा, बडीशेप खायचा, सदरा उलटा करून झटकायचा. मंजुळा वास घ्यायची, पण कारखान्याचा धूर, तेल, घाम यांत तिला नीट कळायचं नाही आणि कळलं तरी तिनं स्वतःला समजावलं असतं. माणसाला जे ऐकायचं असतं तेच त्याला ऐकू येतं. मंगळवारी डॉक्टरीणबाईंनी विचारलं तेव्हाही तो सुटली म्हणाला. बाईंनी बोटाकडं बघून कपाळाला आठ्या घातल्या, पण नोंद तीच केली. गोळ्यांचं पाकीट मिळालं. ते त्यानं इमानानं ज्योतीरामच्या ओट्यावर नेऊन अर्धं अर्धं केलं.

*

चैत्रात बोट फुटलं. दोन दिवसांत शेजारचं बोट काळं झालं, मग पायाचा वरचा भाग निळा पडला. बूट पायात जाईना तेव्हा सयाजी चप्पल घालून कारखान्याच्या गेटवर गेला आणि वॉचमननं चपलेवर आत सोडलं नाही. तो तिथंच रस्त्याच्या कडेला बसला. ज्योतीरामनं हॅमर सोडला, कुणाला न विचारता बाहेर आला, रिक्षा थांबवली आणि सयाजीला उचलून आत घातलं. सयाजी त्याच्या खांद्यावर डोकं टेकून होता. इतक्या जवळून त्याला दादाच्या सदऱ्याचा वास आला. बिडीचा. त्याला वाटलं, तो आपल्याच अंगाचा असणार.

पाय गुडघ्याखालून गेला. नर्सनं कागदावर बोटानं दाखवलेल्या जागी मंजुळेनं सही केली. तिची सही अजून शाळेतल्या मुलीसारखी होती, अक्षरन् अक्षर सुटं.

आठव्या दिवशी, मंगळवारीच, दुपारी भेटीच्या वेळेला ज्योतीराम वॉर्डात आला. धुतलेला सदरा, हातात टोपी. सयाजी उशीला टेकून बसला होता. चादर उजव्या बाजूला पायाच्या आकारात उंच आणि डाव्या बाजूला अर्ध्यातून सपाट. ज्योतीरामनं त्या सपाट जागेकडं बघायचं टाळलं आणि स्टुलावर बसला.

"कामाला न्हाई गेलाव?" सयाजीनं विचारलं.

"जोडी कुठाय आता? दुसऱ्याच्या हातावर घाव सोडायला माझा पाय उठत न्हाई." ज्योतीरामनं खिशातून एक पत्र्याची डबी काढली. चुन्याची जुनी मोठी डबी. चादरीवर ठेवली आणि झाकण उघडलं. आत काठोकाठ गोळ्यांचे अर्धे तुकडे होते.

मंजुळा मोसंबी सोलत होती. तिचा हात थांबला. "ह्या कशाच्या?"

"तुझ्याच हायेत, सयाजी. समद्या," ज्योतीराम म्हणाला. "मी एकबी घेतली न्हाई. तुजं औषीद मी कसं खाऊ? न्हाई म्हनलं असतं तर तू पाकीट भट्टीत टाकलं असतंस. म्हनलं घेतल्यासारखं करावं, जमवून ठिवावं, कोर्स सरला की परत तुलाच द्यावं. म्हंजी म्हैना-दोन म्हैने आनखी पुरतील."

सयाजी डबीकडं बघत राहिला. "आन बिडी?"

ज्योतीरामनं टोपी गुडघ्यावर ठेवली, उचलली, पुन्हा ठेवली. "कंपनीत न्हाई वडली. तुझ्या म्होरं न्हाई वडली. घरी वडायचो. सुटलीच न्हाई रं. एक दिससुदिक न्हाई. बैठकीत शून्य सांगावं म्हनायचो, पर तू मोजीत व्हतास. म्हनलं मी पडलो असं कळलं तर हाबी पडंल."

"मी पडलोच हुतो की, दादा," सयाजी म्हणाला. "अडतीसाव्या दिसापासनं. तुमी उभे हाव मनून बोललो न्हाई."

मंजुळेला सगळं समजायला थोडा वेळ लागला. समजलं तेव्हा ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं, दोघांना वाटलं. तिनं मोसंब्याची साल खाली ठेवली, हात पदराला पुसले आणि डबी चादरीवर ओतली. मग त्यातले दोन तुकडे उचलून एकमेकांना जोडून बघायला लागली. ते जुळले नाहीत. तिनं दुसरे दोन घेतले. कुणाची कड तिरकी, कुणाची तुटकी. एकाही तुकड्याला आपली जोड सापडत नव्हती, कारण प्रत्येकाचा खरा अर्धा सयाजीच्या पोटात गेला होता. तरी ती जोडत राहिली.

"बाईनं 'एक'खाली दोन रेघा मारल्या हुत्या," ती म्हणाली. "पोरीनं वाचून दावलं हुतं तुमाला."

मग ती रडली. ज्योतीरामही रडला, तोंडावर टोपी धरून. सयाजीला रडू येत नव्हतं. त्याला नसलेल्या पायाच्या नसलेल्या बोटाला ठणका लागला होता आणि चोळायला तिथं काही नव्हतं.

थोड्या वेळानं डॉक्टरीणबाई राऊंडला आल्या. चादरीवरचे तुकडे बघितले, तिघांचे चेहरे बघितले. मंजुळेनं सांगितलं ते सगळं ऐकून घेतलं. रागावतील असं वाटलं होतं, पण त्या पलंगाच्या कडेला टेकल्या आणि क्षणभर कपाळाला हात लावून बसल्या.

"हे टाकून द्या," मग म्हणाल्या. "यातली एकही कुणी खायची नाही. सयाजी, तुमचा उजवा पाय आहे अजून. त्याच्याही शिरा चांगल्या नाहीत. नव्यानं कोर्स सुरू करायचा, आजपासून. आणि मला खरं सांगायचं." त्या ज्योतीरामकडं वळल्या. "तुम्ही आज मंगळवारी मोकळे कसे?"

"आता हॅमर बंदच हाय, बाई," ज्योतीराम म्हणाला.

बाईंनी त्याला खाली ओपीडीत पाठवलं. दोन तास रांगेत उभा राहून तो परत आला तेव्हा त्याच्या हातात स्वतःच्या नावाची चिठ्ठी होती आणि स्वतःच्या नावाचं पाकीट. आयुष्यात पहिल्यांदा दवाखान्यात कुणी त्याचं पूर्ण नाव विचारून लिहून घेतलं होतं. ती चिठ्ठी त्यानं मंजुळेकडं दिली, स्वरूपाकडून वाचून घ्यायला.

"सुमनताई भेटली खाली रांगंत, गावची मानसं घिऊन आल्ती," तो म्हणाला. "बबनरावाचे बावीस झाले म्हनं."

"आपलं काय लिव्हलंय?"

"मी सांगितलं तिला. दोघांचंबी शून्य लिहून टाक म्हनलं."

सयाजीनं मान हलवली. संध्याकाळचं जेवण आलं, भात आणि पातळ वरण. सयाजीनं सवयीनं ताटात मधोमध रेघ ओढली आणि अर्धा भात ज्योतीरामकडं सरकवला. मंजुळा बघत होती. भाताला ती काही बोलली नाही.

जेवण झाल्यावर दोघांनी आपापल्या पाकिटातून एकेक गोळी काढली. ज्योतीरामनं ती तळहातावर घेतली, हात तोंडाकडं नेला, वर पाणी प्याला. सयाजी त्याच्याकडं टक लावून बघत होता.

"तोंड उघडा, दादा."

"आं?"

"उघडा. जीभ वर करा."

ज्योतीरामनं आ केला. बिडीनं काळे झालेले दात, मागच्या दोन दाढा पडलेल्या, जीभ वर उचललेली. खाली काही नव्हतं. सयाजीनं नीट वाकून बघितलं आणि मग आपली गोळी गिळून त्यानंही आ केला. दोघं तसेच तोंडं उघडी ठेवून बसले. मंजुळा पुढं झाली, आधी एकाच्या तोंडात बघितलं, मग दुसऱ्याच्या, आणि मिटा म्हणाली.